बालनिरीक्षणाचा अहवाल: प्रश्न ठरवण्यापासून अर्थ लावण्यापर्यंत

बालविकास आणि मानसशास्त्र शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला एक काम येतं: एका मुलाचं निरीक्षण करा आणि त्यावर अहवाल लिहा. ऐकायला सोपं वाटतं. मूल खेळत असतं, आपण बघायचं आणि लिहायचं. पण दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या कामांत हेच काम पुढे असतं. 'मूल आनंदी होतं', 'आत्मविश्वास दिसला', 'सगळ्यांचं लक्ष वेधून घेत होतं' अशा वाक्यांनी पानं भरलेली असतात, आणि मुलाने नेमकं काय केलं ते कुठेच सापडत नाही.

ही चूक अहवाल लिहिताना होत नाही. ती आधीच, नोंद घेताना होऊन गेलेली असते, आणि नोंद फसते कारण काय बघायचं हे ठरलेलंच नसतं. एकदा वेळ गेली की ती दुरुस्त करता येत नाही. मुलाची ती वीस मिनिटं परत मिळत नाहीत. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. पुढचा टप्पा आधी उरकून मागचा नंतर भरून काढायचा प्रयत्न इथे चालत नाही.

## टप्पा १: आधी प्रश्न, मग मूल

बहुतेक जण उलट करतात. ओळखीतलं मूल गाठतात, तासभर बघतात आणि मग त्यातून काय निघेल ते शोधत बसतात.

'चार वर्षांच्या मुलांचा सामाजिक विकास' हा प्रश्न नाही, ते प्रकरणाचं नाव झालं. 'मोकळ्या खेळाच्या वेळात, दुसऱ्या मुलाच्या हातातली वस्तू मिळवण्यासाठी हे मूल काय काय करतं?' हा प्रश्न झाला. दुसऱ्या वाक्यात प्रसंग ठरलेला आहे, वर्तन ठरलेलं आहे, आणि मागणं, ओढणं, बदल्यात काही देणं, मोठ्यांना बोलावणं अशी उत्तरं डोळ्यांना दिसणारी आहेत.

प्रश्न तयार झाला की तीन गोष्टी तपासा.

- उत्तर बघून किंवा ऐकून मिळतं का? 'मुलाला काय वाटतं' हे दिसत नाही; 'मूल काय करतं, काय बोलतं' हे दिसतं.
- हे वर्तन वीस-तीस मिनिटांत पुरेशा वेळा घडतं का? आठवड्यातून एकदा होणारी गोष्ट तुमच्या वेळात होईलच असं नाही.
- वय आणि प्रश्न जुळतात का? दोन वर्षांच्या मुलांमध्ये नियमांचे सांघिक खेळ शोधत बसलात तर तक्ता रिकामाच राहील.

मूल निवडताना स्वतःचं भावंड, भाचा, शेजारचं लाडकं बाळ टाळा. अशा मुलाच्या अर्धवट शब्दाचा अर्थ तुम्हाला आधीच माहीत असतो, आणि नकळत तुम्ही मुलाने न केलेली गोष्टही पूर्ण करून लिहिता. अनोळखी मुलासमोर ती सोय नसते, आणि तेच हवं आहे.

## टप्पा २: परवानग्या, आणि त्यांचा क्रम

क्रम असा: मार्गदर्शक अध्यापक, विद्यापीठाची नैतिकता समिती किंवा विभागात तिचं काम बघणारी व्यक्ती, मग बालवाडी किंवा शाळा, मग पालक, आणि शेवटी मूल. शाळेने होकार दिला म्हणजे पालकांची संमती मिळाली असं होत नाही. बाईंनी 'बसा ना' म्हटलं तरी लेखी संमती येईपर्यंत एक ओळही लिहू नका.

पालकांच्या संमतीपत्रात साध्या भाषेत इतकं हवंच: काय बघणार, किती वेळा आणि किती वेळ, नाव कसं लपवणार, नोंदी कुठे आणि किती काळ ठेवणार, कोण वाचणार, आणि कारण न सांगता केव्हाही माघार घेता येईल. ही चाचणी किंवा निदान नाही हे स्पष्ट लिहा. पालकांचा गैरसमज बहुधा तिथेच होतो.

लहान मूल सही करत नाही, पण ते होकार-नकार देतं. तुमच्याकडे पाठ फिरवणं, तुम्ही दिसताच बाईंच्या मागे जाऊन उभं राहणं, खेळ थांबवून सतत तुमच्याकडे बघत राहणं हा नकार समजा. त्या दिवशीचं काम थांबवा. पालकांची सही मुलाच्या नकारावर मात करत नाही.

सावधान: निरीक्षणात मुलाला इजा किंवा दुर्लक्ष होत असल्याची खूण दिसली तर काय करायचं, कोणाला सांगायचं, त्या व्यक्तीचं पद आणि संपर्क पहिल्या भेटीआधीच लिहून ठेवा. मुलाला स्वतः खोदून विचारू नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, आणि अहवाल पूर्ण होण्याची वाट बघू नका.

तपासणी: पाचही पायऱ्यांपुढे तारीख आहे का? एकही रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: पद्धत, व्याख्या आणि नोंदतक्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. या टप्प्याला दोन दिवस लागले तर ते दोन दिवस पुढे आठवडा वाचवतात.

### पद्धत प्रश्नावरून ठरते

सलग नोंद: ठरलेल्या वेळात मूल जे करतं ते सगळं, घडेल त्या क्रमाने, वाक्यांत लिहायचं. 'कसं' या प्रश्नासाठी उत्तम. पण दहा-पंधरा मिनिटांपुढे हात आणि लक्ष दोन्ही दमतात, म्हणून लहान तुकडे घ्या.

घटनानमुना: ठरवलेली घटना घडली की तेवढीच नोंदवायची: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. वस्तूवरून होणारी भांडणं, मदत मागणं अशा गोष्टींसाठी हीच घ्या. तिन्ही रकाने भरा. बरेच जण मधला रकाना सविस्तर लिहितात आणि 'आधी काय झालं' सोडून देतात. मग वर्तन आभाळातून पडल्यासारखं दिसतं.

कालनमुना: वेळेचे समान खंड पाडायचे आणि प्रत्येक खंडात वर्तन दिसलं की नाही याची खूण करायची. 'किती' या प्रश्नासाठी. नेहमीची मांडणी म्हणजे दहा सेकंद बघणं आणि पाच सेकंद लिहिणं, मिनिटाला चार खंड.

कालनमुन्यात एक फसगत ठरलेली आहे, ती नीट समजून घ्या. 'खंडात एकदा जरी दिसलं तरी खूण' असा नियम घेतला तर वेळ फुगते. समजा, सोयीसाठी पंधरा सेकंदांचे चार सलग खंड आहेत आणि मूल प्रत्येक खंडात फक्त दोन सेकंद रडलं. चारही खंडांत खूण झाली, म्हणजे कागदावर १०० टक्के. प्रत्यक्षात मूल ६० पैकी ८ सेकंद रडलं. उलट 'पूर्ण खंडभर चाललं तरच खूण' हा नियम घेतला तर हेच रडणं शून्यावर येतं. तिसरा नियम म्हणजे खंड संपण्याच्या नेमक्या क्षणी जे दिसेल तेच नोंदवणं. बराच वेळ टिकणाऱ्या वर्तनाच्या वेळेचा अंदाज त्यातून बरा येतो, पण क्षणभराचं वर्तन निसटतं. कोणताही नियम घ्या, पण तो अहवालात लिहा, आणि खंडांची टक्केवारी म्हणजे वेळेची टक्केवारी असं म्हणू नका.

### कार्यात्मक व्याख्या

तक्त्यातल्या प्रत्येक शब्दाची व्याख्या अशी हवी की तुमचा विषय न शिकलेला माणूसही ती वाचून त्याच जागी खूण करेल. 'आक्रमक वर्तन' पुरेसं नाही. 'दुसऱ्या मुलाच्या शरीराला हाताने, पायाने किंवा वस्तूने जोर लावून केलेला स्पर्श: मारणं, ढकलणं, चावणं, केस ओढणं' हे पुरेसं आहे. पण दोघं हसत एकमेकांना ढकलत असतील तर? ते धरायचं की नाही हे आज ठरवा, मुलासमोर बसल्यावर नाही. प्रत्येक व्याख्येखाली दोन ओळी ठेवा: 'यात येतं' आणि 'यात येत नाही'. सीमेवरची उदाहरणंच व्याख्येची परीक्षा घेतात.

खेळ बघायचा असेल तर मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मांडलेली सहा प्रकारांची विभागणी तयार मिळते: कशातच न गुंतलेलं असणं, एकट्याने खेळणं, बघत राहणं, समांतर खेळ, सहभागी खेळ आणि सहकारी खेळ. शेवटच्या दोनमध्ये विद्यार्थी हमखास गोंधळतात. सहभागी खेळात मुलं बोलतात, वस्तू देतात-घेतात, पण ठरवलेलं समान ध्येय किंवा वाटून घेतलेल्या भूमिका नसतात. 'तू डॉक्टर, मी पेशंट' असं ठरलं की तो सहकारी खेळ. समांतर खेळात मुलं शेजारी-शेजारी, सारख्याच वस्तूंनी खेळतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत.

तक्त्यात 'इतर' आणि 'दिसलं नाही' हे दोन वेगळे रकाने ठेवा. मूल खांबाआड गेलं आणि तुम्ही 'वर्तन नाही' अशी खूण केली, तर ती चुकीची नोंद आहे. तुम्हाला दिसलं नाही, इतकंच खरं.

तपासणी: व्याख्यांचं पान वर्गातल्या मित्राला द्या, तोंडी काहीही समजावू नका, आणि पाच काल्पनिक प्रसंग वर्गीकरणासाठी सांगा. त्याने 'म्हणजे नेमकं काय?' असं विचारलं ती व्याख्या परत लिहा.

## टप्पा ४: रंगीत तालीम आणि दुसरा निरीक्षक

खऱ्या निरीक्षणाआधी किमान एकदा सराव करा, तोही दोघांनी मिळून. दोघांनी एकाच मुलाला, एकाच वेळी, एकमेकांचा कागद न बघता नोंदवायचं, आणि नंतर तुलना करायची. सरावाच्या मुलासाठीही परवानगी लागते. किंवा विभागाकडे शिकवण्यासाठी मंजूर असलेली चित्रफीत वापरा.

तुलना करताना नुसत्या सहमतीच्या टक्केवारीवर थांबू नका. एक गणित करून बघू. १०० खंड आहेत. दोघांनी ८८ खंडांत 'नाही' आणि २ खंडांत 'होय' म्हटलं. उरलेल्या १० खंडांत एकाने 'होय' तर दुसऱ्याने 'नाही' म्हटलं, दोन्ही बाजूंनी पाच-पाच. सहमती ९० टक्के, छान दिसते. पण दोघांनीही एकूण ७ वेळाच 'होय' म्हटलं आहे, त्यामुळे योगायोगानेच होणारी सहमती इतकी निघते:

०.०७ × ०.०७ + ०.९३ × ०.९३ = ०.८६९८

जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कप्पा गुणांक हा योगायोग वजा करतो:

(०.९० − ०.८६९८) ÷ (१ − ०.८६९८) = ०.२३

म्हणजे ज्या वर्तनासाठी हा खटाटोप केला, त्यावर दोघांचं जवळजवळ जुळलेलंच नाही. जुळलं ते 'काही घडलं नाही' यावर. क्वचित घडणाऱ्या वर्तनात हे नेहमी होतं. साधारणपणे ०.६०च्या वरचा कप्पा चांगला मानतात. त्याखाली आला तर आकडा लपवू नका. मतभेद झालेले खंड एकेक करून बघा, कोणत्या व्याख्येत फट आहे ते शोधा, ती बुजवा आणि पुन्हा सराव करा.

सावधान: तुलना झाल्यावर एकमेकांशी जुळावं म्हणून जुन्या खुणा खोडू नका. व्याख्या बदला, नोंद बदलू नका.

## टप्पा ५: प्रत्यक्ष निरीक्षण

सोबत काय हवं: पॅड, छापलेले तक्ते गरजेपेक्षा दोन जास्त, दोन पेनं, सेकंद दाखवणारं आवाज न करणारं घड्याळ. वेळ बघायला मोबाईल नको. मुलं त्याकडे ओढली जातात, आणि फोटो काढताय की काय अशी शंका मोठ्यांना येते.

पहिली भेट नोंदीशिवायची ठेवा. मुलांना तुमची सवय होऊ द्या. खोलीत काय कुठे आहे, वेळापत्रक कसं चालतं ते बघून घ्या. नोंदीच्या दिवशीही पहिली पाच-दहा मिनिटं नुसते बसा. नवा माणूस आला की मुलं बदलतात आणि बाईही बदलतात, आणि तो बदल ओसरायला वेळ लागतो.

बसायची जागा भिंतीलगत, मुलांच्या उंचीची, दोन-तीन मीटर अंतरावर असावी. दारात किंवा खेळण्यांच्या कपाटासमोर बसू नका. मूल जवळ येऊन 'काय लिहितेस?' विचारेल, विचारायलाच हवं. 'मुलं कशी खेळतात ते लिहितेय' इतकं खरं आणि छोटं उत्तर द्या, मुलाला परत खेळाकडे वळू द्या आणि हा संवादही वेळेसकट नोंदवा. खोटं सांगू नका; मूल दुखावेल इतकं तुटकही वागू नका.

लिहिताना वर्तमानकाळ, छोटी वाक्यं, क्रियापदांवर भर. मुलाचं बोलणं जसं ऐकलं तसंच लिहा. 'पलला' म्हणालं तर 'पलला'च. शुद्ध केलंत तर उच्चाराची माहिती गेली. सलग नोंदीचा हा एक बनवलेला नमुना बघा (निरीक्षणातली मुलगी 'क', शेजारचं मूल 'ख'):

१०:१४:०५ क उजव्या हाताने सहावा ठोकळा मनोऱ्यावर ठेवते. मनोरा डावीकडे झुकतो.
१०:१४:१२ मनोरा पडतो. क दोन्ही हात छातीशी घेते. सुमारे ५ सेकंद पडलेल्या ठोकळ्यांकडे बघते. "पलला."
१०:१४:२० ख कडे बघते. ख गाडी ढकलतोय, वर बघत नाही.
१०:१४:२६ तीन ठोकळे एकेक उचलून परत खाली ठेवते. चौथा, आधीच्या तिन्हींपेक्षा मोठा, दोन्ही हातांनी समोर जमिनीवर ठेवते.
१०:१४:४१ त्यावर लहान ठोकळा. हात काढून थांबते. मग दुसरा.

आता हाच प्रसंग नेहमीच्या अहवालात कसा उतरतो बघा: 'मनोरा पडल्यावर ती निराश झाली, पण चिकाटीने मोठा ठोकळा शोधून पाया पक्का केला.' या एका वाक्यात तीन निष्कर्ष घुसले आहेत. निराशा दिसलेली नाही. हात मागे घेणं आणि थांबणं दिसलं. 'शोधून' हा शब्द निरागस वाटतो, पण तिच्या मनात हेतू होता असं तो गृहीत धरतो. दिसलं ते तीन ठोकळे उचलून ठेवणं. आणि 'पाया पक्का केला' म्हणजे तिला कारण कळलं होतं असा थेट दावा आहे. तो खराही असेल, पण तो मांडायची जागा टप्पा ७ आहे. मूळ नोंदीत हात काढून थांबणं, ख कडे बघणं, ते पाच सेकंद सगळं टिकून आहे. सारांशात यातलं काहीच उरत नाही, आणि अभ्यासाला लागतं ते हेच.

एका बैठकीवर अवलंबून राहू नका. पंधरा-वीस मिनिटांच्या तीन बैठका, वेगवेगळ्या दिवशी, एका तासाभराच्या बैठकीपेक्षा बऱ्या. झोप न झालेलं, नुकतं आजारातून उठलेलं मूल त्या दिवशी वेगळं वागतं.

सावधान: मूल पडणार असेल, काही तोंडात घालत असेल तर निरीक्षण बाजूला ठेवून लगेच मध्ये पडा. नोंद वाया गेली तरी चालेल.

## टप्पा ६: त्याच दिवशी स्वच्छ नोंद

घाईतली अक्षरं आणि खाणाखुणा दुसऱ्या दिवशी तुमच्याच तुम्हाला लागत नाहीत, आणि स्मृती रिकाम्या जागा स्वतःच्या अंदाजाने भरून टाकते. म्हणून त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, नोंद स्वच्छ लिहा. दहा मिनिटांच्या सलग नोंदीला साधारण एक तास धरून चाला.

तीन रकाने करा: वेळ, दिसलं-ऐकलं, माझा विचार. निरीक्षणाच्या वेळी मनात आलेलं मत दाबून टाकायची गरज नाही, ते तिसऱ्या रकान्यात जाऊ द्या. नीट आठवत नसेल तिथे 'अस्पष्ट' लिहा. मूळ कागद फेकू नका.

वय इथेच मोजून ठेवा, कारण त्यात वारंवार चूक होते. जन्म १२ नोव्हेंबर २०२१, निरीक्षण ५ मार्च २०२५. वय ३ वर्षं ३ महिने २१ दिवस. हे ३;३ असं अर्धविरामाने लिहितात. ३.३ लिहिलंत तर दशांश झाला, आणि ०.३ वर्ष म्हणजे साडेतीन महिन्यांहून थोडं जास्त. मोठ्या तक्त्यात हा घोळ सगळी गणितं बिघडवतो. मूल अकाली जन्मलेलं असेल तर साधारण दोन वर्षांपर्यंत सुधारित वय धरतात: ३२ आठवड्यांत जन्मलेलं बाळ ४० आठवड्यांच्या हिशोबाने ८ आठवडे आधी आलं, म्हणून जन्मापासून दहा महिन्यांचं असताना त्याची तुलना साधारण आठ महिन्यांच्या बाळाशी करायची.

खरं नाव कुठेही नको. नाव आणि सांकेतिक अक्षर यांची जोडी वेगळ्या कागदावर, वेगळ्या जागी, कुलपात. 'क, ३;३, जुळ्यांपैकी एक, शाळेच्या मुख्याध्यापिकांची मुलगी' असं लिहिलंत तर नाव लपवून काही उपयोग नाही.

## टप्पा ७: अर्थ लावणं

आता सिद्धांताचं पुस्तक उघडा, आधी नाही. प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीसाठी हा क्रम पाळा: नोंद काय आहे; तिची किमान दोन स्पष्टीकरणं कोणती; कोणत्या सिद्धांताशी ती जुळतात; आणि दोन्हींत निवड करायला आणखी काय बघावं लागेल. वरच्या नमुन्यात क ने मोठा ठोकळा तळाशी ठेवला. तिला तोल कळला असेल, किंवा हाताला चौथा ठोकळा लागला तो योगायोगाने मोठा असेल. पुढच्या तीन मनोऱ्यांतही मोठाच खाली आला तर पहिलं स्पष्टीकरण बळकट होतं. दुसरं स्पष्टीकरण न सुचणं ही तुमच्या विचाराची मर्यादा आहे, पहिलं खरं असल्याचा पुरावा नाही.

इथल्या चुका ठराविक आहेत, पण त्यांचे परिणाम मुलावर चिकटतात, म्हणून सविस्तर.

रडण्यावरून आसक्तीचं, म्हणजे बाळाच्या पालकांशी असलेल्या भावनिक बंधाचं, निदान. बालवाडीच्या दारात मूल रडलं आणि अहवालात 'असुरक्षित आसक्ती' आली. मेरी एन्सवर्थ यांची 'अनोळखी परिस्थिती' ही आसक्ती तपासायची पद्धत (पालक बाळाला थोडा वेळ सोडून जातात आणि परत येतात) साधारण १२ ते १८ महिन्यांच्या बाळांसाठी आहे. तिच्यात ठरलेल्या क्रमाने आठ प्रसंग असतात, बहुतेक तीन-तीन मिनिटांचे, आणि वर्गीकरण करायला प्रशिक्षण लागतं. मुख्य म्हणजे तिथे भर असतो तो पालक परत आल्यावर बाळ कसं वागतं यावर, निरोपाच्या रडण्यावर नाही. सुरक्षित आसक्ती असलेली बाळंही रडतात.

उत्तर चुकलं म्हणजे क्षमता नाही. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या अक्षय्यतेच्या (मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे कळण्याच्या) प्रयोगात नाण्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक पसरवली की लहान मुलं तिच्यात 'जास्त' नाणी आहेत म्हणतात. पण १९७४ साली मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी हीच मांडणी प्रयोगकर्त्याऐवजी खोडकर टेडी अस्वलाकडून विस्कटवली, आणि खूप जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला की 'आपलं आधीचं उत्तर चुकलं असावं' असं मूल समजू शकतं. तुमच्या नोंदीत प्रश्न कोणी, कसा, कितव्यांदा विचारला हे असेल तरच असा विचार करता येईल.

सरासरी म्हणजे मुदत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका पसरट निघाला, आणि ४.३ टक्के बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. चौदा महिन्यांचं मूल चालत नाही म्हणून 'विलंब' लिहिणं चूक आहे.

वयाची पायरी चिकटवणं. चार वर्षांचं मूल एकटं खेळत होतं म्हणून ते 'मागे' ठरत नाही. नंतरच्या संशोधनात दिसलं आहे की एकत्र खेळू लागल्यावरही मुलं एकट्याच्या आणि समांतर खेळाकडे परत येतात. चित्र काढणं, कोडं जुळवणं ही एकट्यानेच करायची कामं आहेत.

तपासणी: अर्थ लावलेल्या प्रत्येक वाक्यापुढे नोंदीची वेळ लिहा. ज्या वाक्याला वेळ सापडत नाही ते काढून टाका. बराच भाग गळेल. गळू द्या.

## टप्पा ८: अहवाल

विभागाने आराखडा दिला असेल तर तोच पाळा. नसेल तर प्रश्न, पद्धत, नोंदींचा निकाल, अर्थ, मर्यादा आणि परिशिष्टात पूर्ण स्वच्छ नोंद. पद्धत इतकी नेमकी लिहा की दुसरा कोणी तसंच निरीक्षण करू शकेल: किती बैठका, किती मिनिटं, दिवसाची वेळ, खोलीत किती मुलं आणि किती मोठी माणसं, खंड किती सेकंदांचे, कोणता नियम, कप्पा किती.

'मुलं असं करतात' लिहू नका, तुम्ही एकच मूल पाहिलं. 'या तीन बैठकांत क ने...' अशी सुरुवात करा. 'सिद्ध होतं' ऐवजी 'सुसंगत आहे'. आणि 'वेळ कमी होता' ही मर्यादा सगळेच लिहितात. तिला वजन नाही. 'तिन्ही बैठका सकाळच्या होत्या, त्यामुळे जेवणानंतरचं वर्तन यात नाही' ही खरी मर्यादा.

## टप्पा ९: नोंदी आणि पालक

पालक विचारतील: 'आमचं मूल नॉर्मल आहे ना?' हा प्रश्न काळजीतून येतो, म्हणून उत्तर आधीच तयार ठेवा. धीर देण्यासाठी 'अगदी नॉर्मल' म्हणू नका, आणि शंका असल्यासारखं गप्पही राहू नका. 'मी खेळ कसा नोंदवायचा हे शिकतेय. मुलाची तपासणी मी केलेली नाही आणि तेवढं माझं शिक्षणही झालेलं नाही. काही काळजी वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला,' इतकं सांगा. तुम्हाला स्वतःला काही खटकलं असेल तर ते पालकांना परस्पर न सांगता मार्गदर्शकांकडे न्या, त्याच आठवड्यात.

गुण लागल्यावर संमतीपत्रात लिहिलेल्या तारखेला नावांची जोडी असलेला कागद फाडून नष्ट करा, संगणकावरची आणि ईमेलमध्ये राहिलेली प्रतही पुसा, आणि तसं केल्याची तारीख मार्गदर्शकांना कळवा.